हॉलमधल्या टीव्हीसाठी एका गेम कंपनीनं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम का काढली?

व्हॉल्व्ह ही अमेरिकेतली गेम बनवणारी कंपनी. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी १९९६ साली ती काढली. त्याआधी दोघंही मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते, न्यूएल तर १३ वर्षं. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर काम केलेला हा माणूस. पुढे त्यानंच विंडोजला पर्याय उभा करायला कंबर कसली आणि त्यातून स्टीमओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम जन्माला आली. पहिल्या खेपेला ती सपशेल पडली. काही वर्षांनी त्याच नावाची सिस्टिम लाखो लोकांच्या हातात पोचली. मधल्या काळात जे घडलं, ते गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं सॉफ्टवेअरमधलं अतिशय मोलाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. ते संगणकाच्या क्षेत्रात नसलेल्यांनाही कळावं म्हणून हा लेख.

आधी धंदा समजून घेऊ.

२००३च्या सप्टेंबरमध्ये व्हॉल्व्हनं स्टीम नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. हेतू साधा होता: ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या आपल्या गेमच्या दुरुस्त्या सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोचवायच्या. पुढच्या वर्षी व्हॉल्व्हचाच हाफ-लाइफ २ हा गेम आला आणि तो खेळायचा तर स्टीम बसवणं सक्तीचं झालं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. पण हळूहळू इतर कंपन्याही आपले गेम तिथे विकायला ठेवू लागल्या, आणि आज पीसीवर गेम विकत घ्यायचा म्हटलं की बहुतेकांना आधी स्टीमच आठवतं. विक्रीतले ३० टक्के व्हॉल्व्ह ठेवून घेते. एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरांच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. गेम बनवण्यापेक्षा गेमचं दुकान चालवणं हाच कंपनीचा मुख्य धंदा होऊन बसला.

आता यातली अडचण बघा. दुकान झकास चालतंय, पण ते थाटलंय दुसऱ्याच्या इमारतीत. स्टीम चालणार विंडोजवर आणि विंडोज मायक्रोसॉफ्टची. जोवर घरमालकाला तुमच्या धंद्यात रस नाही तोवर सगळं सुरळीत असतं. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आली आणि तिच्यासोबत मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं ॲपचं दुकान आणलं. नव्या पद्धतीची ॲप त्या दुकानातूनच घ्यायची, असा नियम केला. घरमालकानं तळमजल्यावर स्वतःचंच किराणा दुकान टाकावं, तसं झालं. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम अजून चालत होते, स्टीमही चालत होतं. पण आयफोनवर ॲपलनं काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं: दार एकच आणि दारावर मालक. उद्या विंडोजही त्याच वाटेनं गेली तर?

विंडोज ८ बाजारात येण्याच्या तीन महिने आधी, जुलै २०१२मध्ये, सिएटलच्या एका परिषदेत न्यूएल उघडपणे म्हणाला की ही आवृत्ती पीसीच्या धंद्यातल्या सगळ्यांसाठी अनर्थ ठरणार आहे. त्यावर उपाय म्हणून त्यानं लिनक्सचं नाव घेतलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं सुरू केली. तिचा सगळा कोड उघडा आहे आणि कुणीही तो घेऊन बदलू शकतो. भाडेकरूला अशीच जागा हवी होती, जिथे कुणी नोटीस बजावू शकत नाही.

लिनक्सवर गेम नीट चालतील का, हा प्रश्न त्या वेळी रास्तच होता. व्हॉल्व्हनं स्वतःचा लेफ्ट ४ डेड २ हा गेम लिनक्सवर आणून पाहिला. पहिल्या प्रयत्नात तो सेकंदाला ६ चित्रं काढत होता. गेममध्ये हालचाल सलग दिसायला निदान ३० चित्रं लागतात, ६० असली तर उत्तम. ६ म्हणजे पानं उलटून पाहिलेला चित्रांचा अल्बम. त्यांनी ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना सोबत घेऊन एकेक गाठ सोडवली, आणि ऑगस्ट २०१२मध्ये आकडे जाहीर केले. त्याच मशीनवर विंडोज ७मध्ये सेकंदाला सुमारे २७० चित्रं आणि लिनक्सवर ३१५. म्हणजे लिनक्स मुळात सुस्त नव्हती. गेमसाठी तिच्याकडे तोवर कुणी लक्ष दिलं नव्हतं, एवढंच.

पीसी टेबलावरून हॉलमध्ये आणायचा म्हणजे काय

२३ सप्टेंबर २०१३ रोजी व्हॉल्व्हनं स्टीमओएस जाहीर केली. लिनक्सवर आधारलेली, फुकट, आणि खास टीव्हीसाठी, म्हणजे घरातल्या हॉलसाठी. दोन दिवसांनी स्टीम मशीन नावाच्या खोक्यांची घोषणा झाली आणि आणखी दोन दिवसांनी स्टीम कंट्रोलरची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, येणार होते. हॉलमधला टीव्ही या दोघांच्या ताब्यात होता आणि पीसीचे गेम आतल्या खोलीतल्या टेबलावर अडकले होते.

टेबलापासून टीव्हीपर्यंत दहा पावलांचं अंतर, त्यात एवढं काय अवघड? मीही असंच समजत होतो. काही वर्षांपूर्वी आमचा पीसी लांब वायर टाकून हॉलमधल्या टीव्हीला जोडला, आणि सोफ्यावर बसल्याबरोबर लक्षात आलं की पडद्यावरची अक्षरं वाचताच येत नाहीत. दोन फुटांवरून पाहण्यासाठी काढलेली अक्षरं दहा फुटांवरून मुंग्यांसारखी दिसतात. माउस ठेवायला सपाट जागा नाही, म्हणून मांडीवर पुठ्ठा घेतला. गेम सुरू करायला चार वेळा उठून टीव्हीजवळ जावं लागलं. गेम संपल्यावर आई बातम्या लावायला आली तर मशीन बंद कसं करायचं हे तिला कळेना. कन्सोलमध्ये एक बटण दाबलं की यंत्र जागं होतं, गेम सोडला होता तिथूनच सुरू होतो, आणि सगळं हातातल्या कंट्रोलरवर भागतं. हा सहजपणा पीसीत आणायचा तर वरवर मुलामा देऊन भागत नाही. यंत्र चालू झाल्यापासून ते झोपेपर्यंत पडद्यावर काय दिसणार आणि कुठल्या बटणानं काय होणार, हे सगळं ठरवण्याचा अधिकार लागतो. तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतो.

स्टीमओएसमागची दोन कारणं अशी एकमेकांत गुंतलेली होती. घरमालकापासून सुटका हवी होती, आणि हॉलमध्ये शिरायचं तर घराचा आराखडाच आपल्या हातात हवा होता.

१३ डिसेंबर २०१३ रोजी स्टीमओएसची पहिली चाचणी आवृत्ती निघाली आणि अमेरिकेतल्या ३०० जणांना व्हॉल्व्हनं नमुन्याची यंत्रं पाठवली. खरी यंत्रं मात्र इतर कंपन्या बनवणार होत्या. २०१४च्या जानेवारीत लास वेगसच्या प्रदर्शनात डझनभराहून अधिक कंपन्यांची यादी जाहीर झाली, किमती ५०० डॉलरांपासून ६,००० डॉलरांपर्यंत. मग कंट्रोलरचं काम लांबलं, तारीख पुढे गेली. त्यांतल्या एलियनवेअर या कंपनीनं तर वाट पाहून शेवटी आपलं खोकं विंडोज घालूनच विकायला काढलं. अखेर १० नोव्हेंबर २०१५ला स्टीम मशीन बाजारात आली, आणि त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. २०१८च्या एप्रिलपर्यंत स्टीमच्या मुख्य यादीतून त्यांचा दुवाही निघाला.

का पडली? किमतींचा गोंधळ होता, उशीर झाला होता, हे खरंच. पण मुख्य कारण एकच: गेम नव्हते. त्या वेळी लिनक्सवर चालणारे दीड हजारांच्या आसपास गेम स्टीमवर होते, आणि ज्यांच्यासाठी लोक रात्री जागतात ते बरेचसे मोठे गेम त्यांत नव्हते. गेम बनवणाऱ्यांचं म्हणणं, लिनक्सवर गिऱ्हाईक नाही तर आम्ही वेगळी आवृत्ती का काढायची? गिऱ्हाइकाचं म्हणणं, गेम नाहीत तर आम्ही लिनक्स का घ्यायची? आणि जे गेम लिनक्सवर आले होते तेही अनेकदा घाईघाईत उतरवलेले. आर्स टेक्निका या संकेतस्थळानं तेव्हा एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टिम घालून चाचणी केली, तर मोठे गेम स्टीमओएसवर विंडोजपेक्षा हळू चालत होते. ज्याला गेम खेळायचाय त्याला स्वातंत्र्याची तत्त्वं सांगून उपयोग नसतो. त्याचा गेम चालला पाहिजे.

कचेरीबाहेरचा अर्ज लिहून देणारा

विंडोजचा गेम लिनक्सवर का चालत नाही, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. त्यामुळे इथे जरा थांबू.

गेम स्वतः ग्राफिक्स कार्डाशी, हार्ड डिस्कशी किंवा स्पीकरशी बोलत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो. ही फाइल उघडून दे. हा आवाज वाजव. हे दहा हजार त्रिकोण अमुक रंगात पडद्यावर काढ. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एक कचेरी, आणि तिचे अर्जाचे नमुने ठरलेले. विंडोजच्या कचेरीत चित्र काढून घ्यायचं असेल तर डायरेक्टथ्रीडी नावाच्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. लिनक्सच्या कचेरीत तो नमुना कुणी घेतच नाही. गेम त्याच प्रोसेसरवर चालायला तयार आहे, ग्राफिक्स कार्डही तेच आहे, कामही तेच. अडलंय ते फक्त अर्जाच्या कागदावर.

आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारी माणसं बसतात. तुम्ही तुमच्या भाषेत अडचण सांगता, तो माणूस ती कचेरीला कळेल अशा मजकुरात, योग्य रकान्यांत भरून देतो. काम तुमचंच होतं, कचेरीही तीच राहते. वाइन नावाचं सॉफ्टवेअर १९९३पासून अगदी हेच करत आलंय. विंडोजचा प्रोग्राम जे काही मागेल ते लिनक्सच्या नमुन्यात लिहून पुढे सरकवायचं. एका यंत्राची दुसऱ्या यंत्रात हुबेहूब नक्कल उभी करायची तर प्रचंड मेहनत पडते आणि वेग घटतो. इथे नक्कल नाही, फक्त अनुवाद आहे. म्हणून यात वेग फारसा हरवत नाही.

अनुवाद म्हटलं की बारकावे आले. एक साधं उदाहरण देतो. विंडोजला Save आणि save यांत, म्हणजे इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांत, फाइलचं नाव शोधताना फरक वाटत नाही. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. एखाद्या प्रोग्रामरनं दहा वर्षांपूर्वी एका ठिकाणी मोठा एस आणि दुसऱ्या ठिकाणी लहान एस टाइप केला असेल, तर विंडोजवर ते कधीच कुणाच्या लक्षात येत नाही आणि लिनक्सवर गेम फाइल सापडत नाही म्हणून बंद पडतो. दुभाष्यानं हेही सांभाळून घ्यायचं. अशा हजारो गोष्टी आहेत, आणि विंडोजच्या ज्या चुकांवर जुने गेम विसंबून असतात त्या चुकांचाही अनुवाद करावा लागतो.

चित्रांच्या अर्जाचं काम सगळ्यात अवघड होतं, कारण ते सेकंदाला लाखो वेळा करावं लागतं. तिथे दोन गोष्टी जुळून आल्या. २०१६च्या फेब्रुवारीत व्हल्कन नावाचा ग्राफिक्सचा नवा खुला नमुना आला. तो हार्डवेअरच्या फार जवळून बोलतो, त्यामुळे अनुवादकाला मधे अडखळावं लागत नाही. आणि फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रामरला निअर: ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. तो चालेना, म्हणून त्यानं डायरेक्टथ्रीडीचे अर्ज व्हल्कनमध्ये उतरवणारा अनुवादक स्वतःच लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. व्हॉल्व्हनं हे पाहिलं आणि त्या कामाला पाठबळ दिलं. एका माणसाची एका गेमसाठीची तळमळ पुढे इतक्या लोकांच्या उपयोगी पडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर बरेच तुकडे एकत्र बांधून व्हॉल्व्हनं २१ ऑगस्ट २०१८ला प्रोटॉन जाहीर केलं. वाइनचे अनेक मुख्य प्रोग्रामर जिथे काम करतात त्या कोडवीव्हर्स कंपनीला त्यांनी सोबत घेतलं होतं. पहिल्या दिवशी चालण्याची खात्री दिलेल्या गेमची यादी फक्त २७ नावांची होती. पण महत्त्वाचं हे की आता गेम कंपन्यांच्या दारात जाऊन लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढा म्हणून विनवायची गरज उरली नाही. त्यांनी विंडोजसाठीच गेम बनवावा. अर्ज लिहून देणारा माणूस कचेरीबाहेर व्हॉल्व्हनं आपल्या खर्चानं बसवला होता, आणि त्याच्या कामाचा कोड सगळ्या जगाला उघडा ठेवला होता. आधी व्हॉल्व्ह जगाला बदलायला सांगत होती. आता जगाची जुनी सवय तिनं स्वतः अंगावर घेतली.

पायाच बदलता येतो तेव्हा

इथून पुढे लिनक्स निवडण्याचं खरं मोल दिसू लागलं.

विंडोजच्या गेममध्ये एक नेहमीची मागणी असते: मी झोपतो, या पाच-सहा गोष्टींपैकी कुठलीही एक झाली की मला उठव. आवाज तयार झाला, पुढचा नकाशा डिस्कवरून आला, खेळाडूनं बटण दाबलं, काहीही. विंडोजमध्ये यासाठी सरळ एक सोय आहे. लिनक्सच्या गाभ्यात नेमकी तशी सोय नव्हती. अनुवादकाला मग आडवळणानं जावं लागे आणि त्यात वेळ जाई. दुसऱ्याच्या इमारतीत असता तर इथे हात टेकले असते. पण लिनक्सचा पाया उघडा आहे. व्हॉल्व्हच्या पैशानं कोलॅबोरा या कंपनीतल्या लोकांनी ती सोय लिहिली, लिनक्स सांभाळणाऱ्यांनी तपासून, परत पाठवून, सुधारून घेतली, आणि जानेवारी २०२२मध्ये लिनक्स ५.१६मध्ये ती सगळ्यांसाठी आली. पुढे २०२५मध्ये ६.१४ या आवृत्तीत विंडोजच्या पद्धतीशी आणखी तंतोतंत जुळणारी सोय आली. गेमसाठी केलेला हा बदल आज कुठल्याही लिनक्स संगणकात असू शकतो, त्याच्या मालकानं स्टीमचं नावही ऐकलेलं नसेल.

एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांसाठीही व्हॉल्व्हनं असंच केलं. गेममध्ये पाण्याची चकाकी, धूर, सावल्या काढायला शेडर नावाचे छोटे प्रोग्राम असतात आणि ते ज्याच्या त्याच्या ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत आयत्या वेळी उतरवावे लागतात. नवा शेडर समोर आला की ते उतरवेपर्यंत गेम क्षणभर अडखळतो. धावता धावता ठेच लागल्यासारखा. व्हॉल्व्हनं हे उतरवण्याचं काम वेगानं करणारा नवा कंपायलर लिहून घेतला. आणि यंत्र एकाच नमुन्याचं असेल तर आणखी सोपी वाट सापडते: शेडर आधीच उतरवून ठेवायचे आणि गेमसोबत पाठवून द्यायचे.

हा एकाच नमुन्याचा संगणक म्हणजे स्टीम डेक. जुलै २०२१मध्ये जाहीर झाला, फेब्रुवारी २०२२अखेर लोकांना मिळू लागला. सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर. हातात धरायचा, सात इंची पडद्याचा, एएमडीची चिप असलेला पूर्ण पीसी. यातल्या स्टीमओएसची ही तिसरी पिढी. आधीची डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर उभी होती, ही आर्च लिनक्सवर. त्याच सुमाराला एल्डन रिंग आला आणि विंडोजवर मोठमोठ्या मशीनवरही तो अडखळत होता. व्हॉल्व्हच्या लोकांनी अनुवादाच्या थरात दुरुस्ती केली आणि डेकवर त्याचं अडखळणं बरंच कमी झालं. मूळ गेमला हात न लावता, मधल्या दुभाष्यानं बोलणं सावरून घेतलं.

स्टीमओएसच्या रचनेतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण हॉलमधल्या यंत्राला ती हवीच. सिस्टिमच्या मूळ फाइली कुलूपबंद असतात. नेहमीच्या वापरात त्यांवर काही लिहिताच येत नाही. आणि सिस्टिमच्या प्रती दोन. एकीवर यंत्र चालू असतं, तोवर नवं अपडेट दुसरीवर उतरतं. पुढच्या वेळी यंत्र नव्या प्रतीवरून सुरू होतं. काही बिघडलंच तर जुनी प्रत शाबूत असते, तिच्यावर परतता येतं. अपडेट चालू असताना वीज गेली तरी टीव्हीसमोर बसलेल्याला काळा पडदा बघत बसावं लागू नये, हा विचार त्यामागे आहे. ज्यांना पूर्ण संगणक हवा त्यांच्यासाठी आत डेस्कटॉपही आहे, पण तो दुसऱ्या दाराआड. पहिल्या दारातून गेम आणि फक्त गेम.

२०२५च्या मे महिन्यात लेनोवोचा लीजन गो एस हा स्टीमओएस घातलेला हातातला पीसी विक्रीला आला. व्हॉल्व्हबाहेरच्या कंपनीनं या नव्या स्टीमओएससकट विकलेलं हे पहिलंच यंत्र. आर्स टेक्निकानं पुन्हा तीच चाचणी केली, एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टिम. या वेळी तपासलेल्या बहुतेक गेममध्ये स्टीमओएस विंडोजच्या पुढे निघाली, आणि तेही विंडोजसाठीच बनवलेले गेम अनुवाद करून चालवत असताना. २०१५ आणि २०२५ हे दोन निकाल शेजारी ठेवले की दहा वर्षांत किती पाणी वाहून गेलं ते कळतं.

टीव्हीकडे परत, आणि दारातले दोन अडथळे

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉल्व्हनं पुन्हा स्टीम मशीन जाहीर केली. नाव तेच, पण या वेळी यंत्र स्वतःचं. सुमारे सहा इंचांचा चौकोनी ठोकळा, आत एएमडीचा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ग्राफिक्ससाठी वेगळी ८ जीबी. ताकद डेकच्या सहापट असल्याचा कंपनीचा दावा आहे. सोबत नवा कंट्रोलर आणि डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा, डोक्यावर चढवायचा स्टीम फ्रेम. डझनभर कंपन्यांच्या डझनभर खोक्यांचा घोळ टाळला, हे शहाणपणाचं झालं.

तरी दोन अडथळे आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय हे चित्र अर्धवट राहील.

पहिला अडथळा एचडीएमआयचा, टीव्हीला जोडतो त्याच वायरीचा. या वायरीचे नियम एचडीएमआय फोरम ही संस्था ठरवते आणि नव्या २.१ आवृत्तीचा तपशील ती उघडा करू देत नाही. लिनक्समधला एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, मात्र उघड्या कोडचा आहे. त्यात ती सोय लिहायची तर तपशील जगजाहीर होणार. २०२४च्या फेब्रुवारीत फोरमनं एएमडीचा प्रस्ताव नाकारल्याचं समोर आलं. म्हणून नव्या स्टीम मशीनच्या तपशिलात एचडीएमआय २.० एवढंच लिहिलंय. ज्याचा टीव्ही साधा आहे त्याला फरक पडणार नाही. पण ४के चित्र सेकंदाला १२० वेळा दाखवणारा टीव्ही ज्यानं घेतलाय, त्याला रंगांच्या बारकाव्यांत तडजोड करावी लागते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. वायर विकत घेणाऱ्यानं आपल्या यंत्रात कुठली सिस्टिम घालावी, हे वायरीचे नियम करणाऱ्यांनी ठरवू नये.

दुसरा अडथळा मोठा आहे. ऑनलाइन गेममध्ये लबाडी करणारे पकडायला पहारेकरी सॉफ्टवेअर असतं. त्यातली कडक जातीची सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात, घराच्या तळघराची किल्ली मागावी तशी. लिनक्समध्ये ते तळघर वेगळं आणि मालक त्यात स्वतः हवा तो बदल करू शकतो, म्हणून या पहारेकऱ्यांना ते भरवशाचं वाटत नाही. इथे दुभाष्याचं काही चालत नाही, कारण पहारेकऱ्याला अनुवाद नको, तळघरच हवं असतं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे त्या त्या गेमच्या मालकावर. फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाही, व्हॅलोरंट चालत नाही, आणि आधी चालणाऱ्या एपेक्स लेजेंड्सनं २०२४मध्ये लिनक्सचं दार लावून घेतलं. तुमच्या घरात असेच गेम खेळले जात असतील तर स्टीमओएसच्या वाटेला तूर्त जाऊ नका, असंच मी सांगेन.

आपल्याकडे यातलं काय पोचलं? स्टीमवर २०१५पासून रुपयांत किमती दिसतात. स्टीम डेक मात्र व्हॉल्व्हनं भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलाच नाही; ज्यांना हवा ते बाहेरून मागवून जास्तीचे पैसे मोजतात. पण प्रोटॉन फुकट आहे आणि कुठल्याही लिनक्सवर स्टीम बसवलं की ते आपोआप सोबत येतं. जुना पीसी पडून असेल तर नवं यंत्र घ्यायच्या आधी त्यावर प्रयोग करून बघावा. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम, कारण सगळ्यात जास्त मेहनत त्यावरच झालीय.

आमच्या हॉलमधला तो पीसी मी असाच लिनक्सवर नेला. गेल्या सुट्टीत भाचा आला होता, नववीतला, सगळं उघडून बघायची आवड असलेला. त्याचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम कंट्रोलरवरून सुरू झाला, चालला, आणि मग त्यानं विचारलं, "मामा, हा तर विंडोजचा गेम आहे. तो याला फसतो कसा?" मी कीबोर्ड आणून स्टीमचा फोल्डर उघडला. आत प्रत्येक गेमला आकड्यांच्या नावाची एकेक वेगळी खोली. त्या खोलीत आणखी आत गेलं की ड्राइव्ह सी नावाचा फोल्डर, त्यात विंडोज नावाचा, त्यात सिस्टिम ३२. विंडोजच्या संगणकात असतात तशाच नावांच्या शेकडो फाइली ओळीनं मांडलेल्या. गेमला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत.

भाच्यानं त्या नावांवरून सावकाश कर्सर फिरवला. "म्हणजे या सगळ्या फाइली कुणीतरी परत पहिल्यापासून लिहिल्या?"

हो म्हटलं. बहुतेक सगळ्या. तीस वर्षं लागली.